मोंटॅना सांस्कृतिक न्यास

अमेरिकेतील मोंटॅना राज्याचा, कोळशावरील करातून उभारलेला सरकारी निधी. त्याचे मुद्दल गुंतवलेले राहते आणि फक्त व्याजातून नाटक, संगीत, चित्रकला, संग्रहालये, लोककला, ऐतिहासिक वास्तूंची निगा अशा कामांना अनुदाने दिली जातात. निधीची तरतूद 1975 च्या कायद्याने झाली. अनुदानवाटपाची आजची पद्धत 1983 पासूनची.

मोंटॅनाचे क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 81 हजार चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राहून मोठे, आणि 2020 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम 10 लाख 84 हजार. पूर्वेकडे तर दोन गावांमध्ये तासाभराचे अंतर ही नेहमीची गोष्ट. अशा ठिकाणी तिकीटविक्रीवर रंगमंच चालत नाही आणि देणग्या देणारे धनिकही फारसे नाहीत. 1965 मध्ये केंद्रीय पातळीवर राष्ट्रीय कलानिधी स्थापन झाला. पाठोपाठ 1967 मध्ये मोंटॅनाने आपली कलापरिषद नेमली, पण केंद्राच्या मदतीवर किती काळ विसंबायचे हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर कोळशात सापडले. याआधी ब्यूट येथील तांब्याने अनेकांना गडगंज श्रीमंत केले होते. राज्याच्या वाट्याला मात्र खड्डे आणि विषारी पाणी आले. राज्याचे राजकारण आणि मोठी वृत्तपत्रेही अ‍ॅनाकोंडा या तांबे कंपनीच्या मुठीत होती. 1973 च्या तेलटंचाईनंतर आग्नेय मोंटॅनातील कोळशाला एकाएकी मागणी आली, तेव्हा ही आठवण ताजी होती. 1975 मध्ये विधिमंडळाने कोळशाच्या किमतीवर 30 टक्क्यांपर्यंत उत्खननकर बसवला. बिलिंग्जचे आमदार टॉम टो यांचे नाव या कराशी आणि त्यावरच्या न्यासांशी कायमचे जोडले गेले आहे. इतर राज्यांतील वीज कंपन्या आणि खाणमालक खवळले, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1981 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी कर वैध ठरला. पुढे 1987 च्या कायद्याने दर टप्प्याटप्प्याने 15 टक्क्यांवर आणला गेला.

1976 मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून या कराचा मोठा हिस्सा कायमच्या न्यासात ठेवायचे ठरवले. त्याच्या मुद्दलाला हात लावायचा तर दोन्ही सभागृहांत तीनचतुर्थांश मते लागतात. सांस्कृतिक न्यासाला मात्र घटनेचे हे कवच मिळाले नाही. एकूण करातील 0.63 टक्के एवढाच वाटा त्याला साध्या कायद्याने मिळतो (राज्य उद्यानांना याच्या दुप्पट). कायद्यात पहिला हेतू नोंदला आहे तोही मजेशीर आहे: विधानभवनातील कलाकृतींचे रक्षण. राजधानी हेलेना येथील प्रतिनिधिगृहात अध्यक्षांच्या आसनामागे चित्रकार चार्ल्स रसेल यांनी 1912 मध्ये रंगवलेले, शोधप्रवासी लुइस आणि क्लार्क यांची मूळनिवासी सेलिश लोकांशी झालेली भेट दाखवणारे भव्य चित्र आहे. आमदारांना रोज नजरेसमोर दिसणाऱ्या चित्रापासून सुरुवात केल्यावर पुढचे ‘आणि अन्य सांस्कृतिक प्रकल्प’ हे शब्द सहज मंजूर झाले असतील, असे म्हणायला जागा आहे.

अनुदानाची वाट लांबची आहे. विधिमंडळ फक्त विषम वर्षांत, नव्वद दिवसच भरते. म्हणून अर्ज आदल्या सम वर्षाच्या 1 ऑगस्टपर्यंत कलापरिषदेकडे द्यावे लागतात. सोळा जणांची सल्लागार समिती ते तपासून क्रम लावते. निम्मे सदस्य कलापरिषद नेमते, निम्मे राज्य इतिहास संस्था. एरवी अशी समिती स्वतःच वाटप करून मोकळी होते. इथे तिचे काम शिफारशीपाशी थांबते. यादी ‘हाउस बिल 9’ म्हणून सभागृहात जाते, उपसमितीपुढे अर्जदार आपली बाजू मांडतात, आणि मगच संस्थेच्या नावासकट प्रत्येक रकमेला मंजुरी मिळते. ऑगस्टात अर्ज केलेल्या मंडळींच्या हाती पैसा येतो तो पुढच्या वर्षीच्या 1 जुलैनंतर. एवढ्या अवधीत छोट्या गावातला हौशी संच मोडूही शकतो. जमेची बाजू अशी की कलेशी फारसा संबंध नसलेल्या आमदारालाही आपल्या मतदारसंघातील संग्रहालयाचे छप्पर गळते हे कळते. अनुदानाच्या जोडीला संस्थेलाही स्वतःची रक्कम उभी करावी लागते. बांधकामासाठी ती कितीतरी जास्त असते. छोट्या, स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थांसाठी साडेचार हजार डॉलरपर्यंतचा वेगळा, सोपा गट आहे. ग्रामीण भागाच्या दृष्टीने सगळ्यात कामाची तरतूद हीच.

या पैशाचा उपयोग बघायचा तर बर्नी गावाजवळच्या पोकर जिम टेकडीवर जावे. बोझमन येथील राज्य विद्यापीठात 1973 मध्ये सुरू झालेली ‘शेक्सपिअर इन द पार्क्स’ ही फिरती नाटकमंडळी उन्हाळ्यात तिथे खेळ करते. नटच ट्रकमधून मंच उतरवतात, ठोकून उभा करतात, खेळ संपला की पुन्हा मोडून भरतात. तिकीट नाही. भोवतालच्या गुरांच्या कुरणांवरून माणसे खुर्च्या आणि खाण्याचे डबे घेऊन येतात, आणि गावाच्या वस्तीहून प्रेक्षक अधिक भरतात. मिझूला येथील बालरंगभूमी (स्थापना 1970) याहून पुढे जाते: दोघे दिग्दर्शक सोमवारी गावात उतरतात, पन्नासएक स्थानिक मुलांना भूमिका वाटतात आणि शनिवारी पूर्ण संगीतिका रंगमंचावर आणतात. अनुदान घेणाऱ्यांनी आपल्या पत्रिकेवर, खर्चाचा काही भाग मोंटॅनात खणलेल्या कोळशावरच्या करातून आला आहे, असे छापायचे असते. बर्नीचा परिसर कोळशाच्या पट्ट्यातलाच, त्यामुळे ती ओळ तिथे निव्वळ औपचारिकता राहत नाही.

घटनेचे कवच नसल्याची किंमत न्यासाला 1997 मध्ये मोजावी लागली. बोवी कुटुंबाने 1940 च्या दशकापासून जपलेली व्हर्जिनिया सिटी आणि नेव्हाडा सिटी ही सोन्याच्या शोधकाळातील गावे विक्रीला निघाली, आणि ती घेण्यासाठी विधिमंडळाने सांस्कृतिक न्यासाच्या मुद्दलातून सुमारे 39 लाख डॉलर काढले. गावे वाचली हे चांगलेच झाले. व्हर्जिनिया सिटी ही 1865 ते 1875 या काळात तेव्हाच्या मोंटॅना प्रदेशाची राजधानी होती. पण वारसा वाचवायचा खर्च कलावंतांच्या मुद्दलातून का, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही. व्याज आटले, अनुदाने घटली. 2005 च्या अधिवेशनात त्या रकमेचा बहुतांश भाग न्यासात परत भरला गेला.

त्यानंतरची अडचण बाजाराची आहे. 2010 च्या दशकात व्याजदर कोसळले तशी वाटपाची रक्कमही आकसली. जानेवारी 2020 मध्ये कोलस्ट्रिप वीजकेंद्राचे पहिले दोन संच बंद झाले आणि डेकर येथील खाणीतील उत्खननही पुढे थांबले. उत्पादन घटेल तसा न्यासात पडणारा नवा कर कमी होणार. आधी साठलेल्या मुद्दलावर त्याचा परिणाम होत नाही, आणि मूळ रचनेत अपेक्षित होते ते हेच.