हेरात ते काबूल : बाबरच्या हिवाळी डोंगरप्रवासाचे एक वाचन

आपल्या पाठ्यपुस्तकांत बाबर इ.स. १५२६ च्या पानिपताबरोबर अवतरतो आणि १५३० मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर संपतो. मधल्या चार वर्षांतल्या लढायांच्या तारखा विद्यार्थी पाठ करतात. परंतु पानिपतापूर्वी सुमारे वीस वर्षे, काबूलचा तरुण अधिपती असताना त्याने ऐन हिवाळ्यात अफगाणिस्तानचा मध्यवर्ती पर्वतप्रदेश ओलांडला होता. या प्रवासाची हकीकत त्याने स्वतःच्या हाताने, चुगताई तुर्की भाषेत, आत्मचरित्रात लिहून ठेवली. प्रस्तुत लेखात त्या हकीकतीचा परिचय करून द्यावयाचा आहे. तसेच असे साधन अर्धे वाचले तर काय हरवते, याकडेही लक्ष वेधावयाचे आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. हेरातचा तैमुरी सुलतान हुसेन बायकरा याने उझबेकांचा सरदार शैबानी खान याच्याविरुद्ध मोहीम काढली आणि बाबरला मदतीस बोलाविले. बाबर १५०६ मध्ये काबूलहून निघाला. परंतु वाटेतच त्याला सुलतानाच्या मृत्यूची बातमी कळली. तरीही तो पुढे गेला. सुलतानाचे दोन पुत्र, बदीउज्जमान मिर्झा आणि मुजफ्फर हुसेन मिर्झा, एकाच तख्तावर भागीदारीने बसले होते. बाबरच्या मते हे दोघे मेजवान्यांत तरबेज होते, युद्धाची मात्र त्यांना माहिती नव्हती. हिवाळा तोंडावर आल्याने मोहीम पुढे ढकलली गेली आणि भावंडांच्या आग्रहावरून बाबर हेरात पाहावयास गेला.

हेरात म्हणजे त्या काळी खुरासानातील विद्येचे व कलेचे माहेरघर. बाबरचा मुक्काम अलीशेर नवाई यांच्या घरी होता. तुर्की काव्याला प्रतिष्ठा मिळवून देणारे हे कवी-वजीर १५०१ मध्येच निवर्तले होते. वीस दिवस बाबर रोज घोड्यावरून शहर पाहत हिंडला. यूसुफ अली कुकुलताश त्याला ठिकाणे दाखवीत असे आणि जेथे उतरतील तेथे खाण्याची सोय करीत असे. बाबरने पाहिलेल्या स्थळांची यादी मोठी लांबलचक आहे. गाझुरगाह, मौलाना जामी यांची कबर, कागद तयार करण्याची जागा, माशांचा हौद, बागा, गौहरशाद बेगमचा मदरसा, मशीद आणि मकबरा, नवाईंनी बांधलेला मदरसा, खानकाह, हमाम व दवाखाना ही त्यांतील काही. सुलतानाची एक खानकाह सोडली तर बहुधा काहीच पाहावयाचे राहिले नाही, असे तो समाधानाने नोंदवितो. मेजवानीत समोर आलेले भाजलेले हंसपक्षी आपल्याला कापता येईना आणि अखेर बदीउज्जमानने ते कापून दिले, हेही तो लपवीत नाही.

या यादीचे मोल आज अधिक जाणवते. १५०७ मध्ये शैबानी खानाने हेरात घेतले आणि तैमुरी दरबार संपला. पुढे १८८५ मध्ये, रशियन आक्रमणाच्या भीतीने, गौहरशादच्या मुसल्ला संकुलाचा मोठा भाग सुरुंग लावून पाडण्यात आला. एका हौशी पाहुण्याची ही टिपणे म्हणजे मोडण्यापूर्वीच्या शहराची नोंदच होय.

हेरातमध्ये हिवाळा काढण्याजोगी नीट व्यवस्था होईना, शिवाय काबूलची काळजी होतीच. तेव्हा ७ शाबान ९१२ हिजरी (२४ डिसेंबर १५०६) रोजी बाबर हेरातमधून बाहेर पडला. वाटेत सल्लामसलत झाली. कंदाहारवरून जाणारी दक्षिणेची वाट लांबची, पण निर्धोक. डोंगरातली वाट जवळची, पण हिवाळ्यात बिकट. बाबरचा कल कंदाहारकडे होता. परंतु त्याचा ज्येष्ठ सरदार कासिम बेग हट्टास पेटला आणि डोंगराची वाट ठरली.

चख्चरानपर्यंत पोहोचता पोहोचता बर्फ घोड्याच्या गुडघ्यावर आला. त्यापुढे तो रिकिबीला लागू लागला आणि कित्येक ठिकाणी घोड्याचे पाय जमिनीला टेकेनात. पीर सुलतान पशाई नावाचा वाटाड्या वाट चुकला. म्हातारपणामुळे, धीर सुटल्यामुळे की बर्फामुळे, हे बाबरलाही सांगता येत नाही. कासिम बेगने मात्र आपल्या हट्टाची जबाबदारी अंगावर घेतली. तो आणि त्याचे मुलगे घोड्यावरून उतरून बर्फ तुडवीत पुढे झाले. एकदा तर मागे फिरून, सरपण असलेल्या जागी थांबून, साठसत्तर माणसे वाटाड्याच्या शोधार्थ पाठवावी लागली. तीनचार दिवसांनी ती रिकाम्या हातांनी परत आली.

त्यानंतरच्या आठवड्यात दिवसाकाठी जेमतेम कोस-दीड कोस वाट कापली जात होती. बर्फ तुडविणाऱ्यांत बाबर स्वतः, त्याच्या घरचे दहापंधरा लोक, कासिम बेग आणि त्याचे मुलगे होते. पुढचा माणूस कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत रुतत सातआठ पावले जाई आणि थकून थांबे. मग दुसरा पुढे होई. असे दहावीस जणांनी तुडविल्यावर रिकामा घोडा ओढून नेता येईल इतकी वाट होई. तोही दहाबारा पावलांत दमे. बाकीचे नामांकित वीर मात्र तयार वाटेवरून माना खाली घालून येत. बाबर त्यांच्यावर सक्ती करीत नाही. ती वेळ जबरदस्तीची नव्हती, ज्याच्या अंगी हिंमत असेल तो आपणहून पुढे येतो, असे त्याचे म्हणणे आहे.

जिर्रीन खिंडीच्या पायथ्याशी खवाल-ए-कुती नावाच्या गुहेपाशी ते पोहोचले तेव्हा वादळ चालू होते. गुहा लहान वाटत होती. लोकांनी आग्रह करूनही बाबर आत गेला नाही. आपली माणसे बर्फात असताना आपण उबेत झोपणे त्याला सोबत्याच्या धर्माला सोडून वाटले. फावडे घेऊन त्याने तोंडापाशी बसण्यापुरता खड्डा खणला. छातीइतका खणूनही जमीन लागली नाही. इशाच्या नमाजेच्या सुमारास गुहा आतून ऐसपैस असल्याचे कळले, तेव्हाच अंगावरचा बर्फ झटकून, बाहेरच्यांना बरोबर घेऊन तो आत शिरला. तोवर थंडीने त्याचा कान धरला होता. त्या वेळी त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. पुढच्या रात्री काहींच्या हातापायांना हिमदंश झाला आणि मगच ते यकावलंगच्या उबदार घरांपर्यंत पोहोचले.

बहुतेक निवडक उतारे येथेच संपतात आणि वाचकाच्या मनात एक आदर्श नायक उभा राहतो. परंतु हकीकत येथे थांबत नाही. पुढे बामियान ओलांडल्यावर वाटेत तुर्कमान हजारांचे हिवाळी तळ लागले. बाबरच्या टोळीने त्यांच्यावर बेसावध असताना हल्ला केला. लोक मुलाबाळांना घेऊन, चीजवस्तू टाकून पळाले आणि लुटीत जनावरे मिळाली. हजारांपैकी चौदापंधरा जण पकडले गेले. त्यांना हालहाल करून ठार मारावे, म्हणजे इतरांस दहशत बसेल, असा बाबरचा बेत होता. कासिम बेगला त्यांची दया आली आणि त्याने त्यांना सोडून दिले. बाबर ही दया अस्थानी ठरवितो.

म्हणजे ज्याच्या हट्टाने सर्वांचे प्राण संकटात आले, त्याच कासिम बेगने चौदापंधरा जीव वाचविले. आणि जो सोबत्यांसाठी बर्फात बसला, त्याला परक्यांवरची दया चूक वाटली. सोबत्याच्या दुःखात वाटेकरी होण्याचा त्याचा नियम स्वतःच्या टोळीच्या सीमेवर संपत होता. विशेष हे की या दोन्ही गोष्टी आपल्याला कळतात त्या बाबरच्याच लेखणीतून. त्याला नायक किंवा खलनायक ठरविण्याची घाई करणारे दोघेही त्याचेच अर्धे पुस्तक मिटून ठेवतात.

या ग्रंथाचा फार्सी अनुवाद अकबराच्या आज्ञेवरून अब्दुर्रहीम खानखानान याने १५८९ मध्ये पूर्ण केला. मूळ तुर्की पाठ अभ्यासकांच्या हाती येण्यात आपल्या दख्खनचा वाटा मोठा आहे. हैदराबादच्या सालारजंग घराण्याच्या संग्रहातील हस्तलिखिताची छायाप्रत ॲनेट बेव्हरिज यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच पाठावर त्यांचा इंग्रजी अनुवाद आधारलेला आहे. २००२ च्या जानेवारीत रोरी स्टुअर्ट हा स्कॉटिश लेखक हेरातहून काबूलपर्यंत याच डोंगरवाटेने पायी गेला तेव्हाही बाबरची हकीकत त्याच्या सोबतीला होती.

अध्यापक बंधुभगिनींना एकच सुचवावेसे वाटते. वर्गात गुहेचा प्रसंग अवश्य वाचावा, परंतु पुस्तक तेथे मिटू नये. पुढची चार पाने, हजारांच्या तळापर्यंत, त्याच तासाला वाचून दाखवावीत आणि निष्कर्ष विद्यार्थ्यांवर सोपवावा.