अंडवाहिनीतील संप्रेरक ग्राही
अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रमुख प्रथिन म्हणजे ओव्हाल्ब्युमिन. कोंबडीच्या मादी पिलाला इस्ट्रोजेन टोचले, की त्याच्या कोवळ्या अंडवाहिनीत ते तयार होऊ लागते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन दिल्यास ॲव्हिडिनही स्रवते. म्हणूनच बर्ट ओमॅली आदी संशोधकांनी ही ऊती अभ्यासासाठी निवडली. स्टेरॉइड संप्रेरक पेशीपटल सहज ओलांडून ग्राही प्रथिनाला चिकटते. ही जोडी केंद्रकातील डीएनएच्या विशिष्ट क्रमावर बसून जनुक कार्यान्वित करते. ग्राही आधी पेशीद्रवात असतो व संप्रेरक भेटल्यावरच केंद्रकात शिरतो, असा समज दीर्घकाळ होता. वास्तविक ऊती कुटताना केंद्रकातील सैल ग्राही बाहेर झिरपत असे! १९८४ च्या सुमारास प्रतिपिंडांच्या साहाय्याने पाहता, प्रोजेस्टेरॉनचा ग्राही संप्रेरकाविनाही केंद्रकातच आढळला. तोवर साथीदार प्रथिने त्याला निष्क्रिय ठेवतात. संप्रेरक येताच ती सुटतात आणि ग्राही डीएनएला घट्ट धरतो.