हमामखाना ते हीट पंप

परवा रविवारी भाचा घरी आला, हातात कंपन्यांची चार पत्रके घेऊन. शहराबाहेर तो बंगला बांधतोय. तिथे त्याला पोहण्याचा तलाव आणि शेजारी गरम पाण्याचा हौद करायचा आहे. (हल्ली त्याला स्पा म्हणतात म्हणे.) "आत्या, पाणी तापवायला काय घेऊ? गॅस, सौर की हीट पंप?"

जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला हा प्रश्न! शिवाय ज्या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाची वाट पाहिली, तिथे घरात तलाव? पण ओठावर आलेले बोलणे गिळले. अर्धांगवायूनंतर माझ्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी रोज कोमट पाण्यात व्यायाम सांगितला आहे. भाच्याची धडपड बापासाठी आहे.

म्हटले, चल, आधी दौलताबादला जाऊन येऊ.

मंडळी, या किल्ल्यात पाण्याचे दोन प्रकार दिसतात. एक हत्ती हौद. अवाढव्य, उघडा, साठवणीसाठी. तो तापवण्याचा विचार कुणी केला नाही. दुसरा शाही हमाम. त्याच्या खोल्या आटोपशीर, भिंती जाड. मोगलकालीन हमामांची रचना साधारण अशी असे: भट्टी बाहेरच्या बाजूला, तिच्यावर पाण्याची टाकी, भिंतींतून खापरी नळ आणि वर घुमट. उजेडापुरती लहान झरोकी. म्हणजे आधी उष्णता कोंडण्याची सोय, मग जाळ.

आमच्या आईचा तांब्याचा बंब तरी काय वेगळा होता? मधून जाळाची नळी, भोवती पाणी, वर झाकण. झाकण उघडे राहिले की आई ओरडायची, "सरपण काय आभाळाला तापवायला आणलंय?"

घरी आल्यावर पाटी-पेन्सिल घेतली. भाच्याचा तलाव आठ मीटर लांब, चार रुंद, सरासरी 1.4 मीटर खोल. म्हणजे सुमारे 45 हजार लिटर पाणी. ते एका अंशाने तापवायला साधारण 52 युनिट उष्णता लागते. हिवाळ्यात 20 वरून 28 अंशांवर न्यायचे तर 400 युनिटांच्या वर. गॅसने केले तर घरगुती तीन सिलिंडर एका फटक्यात! उलट चार हजार लिटरचा हौद 20 वरून 34 अंशांवर न्यायला 65 युनिट पुरतात.

आता हीट पंप. हा म्हणजे उलटा फ्रीज. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून चारेक युनिट उष्णता मिळते. थंडीत थोडी कमी. मात्र तो सावकाश तापवतो. महिन्यातून एकदा पाहुण्यांसाठी झटपट तापवायचे असेल तर गॅस बरा. रोज लागणार असेल तर हीट पंप. आमच्याकडे हिवाळ्यात आभाळ मोकळे असते, म्हणून जोडीला छतावर सौर यंत्रणा.

पण खरा शत्रू बाष्पीभवन. उघड्या पाण्याची बहुतेक उष्णता तिथूनच जाते. उन्हाळ्यात रोज सहा-सात मिलीमीटर पाणी उडाले, तरी या तलावातून दोनशे लिटर गेले! मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि पुढे डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. झाकलेल्या वाटेने. आपण तेच पाणी उघडे ठेवून आभाळाला द्यायचे?

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, मग मोठा तलाव राहू दे. बाबांपुरता हौद करू. छपराखाली. वर झाकण, धरायला कठडा, आणि हीट पंप."

मी काहीच बोलले नाही. आईचा बंब अजून माळ्यावर आहे, एवढेच आठवले.

संध्याकाळी भावाचा फोन आला. जीभ अजून जड आहे, तरी चेष्टा सुटलेली नाही. म्हणाला, "ताई, माझ्यासाठी हमामखाना बांधतायत म्हणे. मी काय सुभेदार?"

म्हटले, "आधी चालायला लाग. मग सुभा बघू."

असो. काम सुरू झाले की कळवीनच.