स्वतःच सज्ज होणारे स्विच

कार्यालयातील वा महाविद्यालयातील संगणक परस्परांशी जोडणारे उपकरण म्हणजे नेटवर्क स्विच. घरगुती वापराचा साधा स्विच वीज मिळताच चालू लागतो. मोठ्या संस्थांतील ‘मॅनेज्ड’ स्विचला मात्र आधी सूचना द्याव्या लागतात. त्याचा स्वतःचा पत्ता कोणता, लेखा विभागाचे संगणक कोणत्या व्हीलॅनमध्ये, पासवर्ड काय, हा सारा तपशील ज्या फाइलमध्ये असतो तिला कॉन्फिगरेशन म्हणतात. दोन-चार स्विच असतील तर तंत्रज्ञ कन्सोल केबल जोडून त्या आज्ञा टंकित करतो. शेकडो शाखांत स्विच बसवायचे असतील, तर प्रत्येक ठिकाणी जाणकार माणूस पाठवणे परवडत नाही. म्हणूनच स्वयंचलित कॉन्फिगरेशनची पद्धत रूढ झाली.

नवा स्विच सुरू होताच आपल्या स्मृतीत कॉन्फिगरेशन आहे का, हे पाहतो. नसल्यास तो नेटवर्कवर पत्त्याची मागणी करतो. तिला डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो. या उत्तरात आयपी पत्त्याबरोबरच फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे (पर्याय क्रमांक ६६) आणि तिचे नाव काय (क्रमांक ६७) हेही कळवता येते. सिस्कोची उपकरणे सर्व्हरच्या पत्त्यासाठी क्रमांक १५० हा पर्यायही ओळखतात. मग स्विच टीएफटीपीद्वारे ती फाइल उतरवून घेतो.

प्रत्यक्षात अडचण येते ती बारीकसारीक गोष्टींत. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या उपजाळ्यात असेल, तर मधल्या राउटरवर मागणी पुढे पाठवण्याची सोय करावी लागते. सिस्कोच्या अनेक स्विचमध्ये उतरवलेली फाइल चालू स्मृतीतच राहते. ती कायम जतन केली नाही, तर वीज जाऊन आल्यावर स्विच पुन्हा कोराच!

खरा प्रश्न मात्र विश्वासाचा आहे. उत्तर देणारा सर्व्हर आपलाच आहे, याची खात्री कोरा स्विच करून घेत नाही. १९९२ मध्ये सध्याच्या स्वरूपात प्रमाणित झालेल्या टीएफटीपीत तर वापरकर्त्याचे नाव-पासवर्ड अशी तरतूदच नाही. सिस्कोच्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ सुविधेने हा धोका जगासमोर आणला. ही सुविधा असलेला स्विच काम पूर्ण झाल्यावरही टीसीपी पोर्ट ४७८६ उघडे ठेवून सूचनांची वाट पाहत असे, आणि त्या कोण देतो हे विचारत नसे. एप्रिल २०१८ मध्ये इराण व रशियातील अनेक स्विचचे कॉन्फिगरेशन हल्लेखोरांनी पुसून तेथे अमेरिकी ध्वजाचे चित्र ठेवले. जगभरातील सुमारे २ लाख स्विचना याचा फटका बसला, त्यातील साडेतीन हजार आपल्या देशातील होते, असे इराण सरकारने तेव्हा सांगितले. त्याच सुविधेतील २०१८ मध्ये उघड झालेल्या त्रुटीचा गैरवापर रशियन हेर करीत असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने ऑगस्ट २०२५ मध्येही दिला. सात वर्षांनंतरही दुरुस्ती न केलेली उपकरणे वापरात होती, हे त्यातून दिसले.

एप्रिल २०१९ मध्ये आरएफसी ८५७२ हे सुरक्षित पद्धतीचे प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यानुसार स्विचमध्ये कारखान्यातच ओळखपत्र बसवलेले असते आणि स्वाक्षरी पडताळल्याखेरीज तो अनोळखी सर्व्हरची फाइल स्वीकारत नाही. जुनी उपकरणे असलेल्या संस्थांनी निदान ‘नो व्हीस्टॅक’ ही आज्ञा देऊन स्मार्ट इन्स्टॉल बंद करावे. नव्या स्विचची जोडणी स्वतंत्र व्हीलॅनमध्ये करावी आणि काम होताच टीएफटीपी सर्व्हर बंद करावा. एरवी पासवर्ड असलेल्या त्या फाइली, नाव ठाऊक असणाऱ्या कोणालाही तेथून उतरवून घेता येतात.