दहावा हिस्सा

आमच्या घरात कोऱ्या कागदाचं कुणाला काही वाटत नसे, पण अंगठा उठवलेल्या कागदाला सगळे भीत. त्याला कारण होतं. माझ्या आज्यानं बैलजोडीसाठी सावकाराकडून पैसे उचलले आणि कागदावर अंगठा दिला. त्यात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. त्या कागदापायी विहिरीखालचं दोन एकराचं रान गेलं. आमचा तालुका माण. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळं विहिरीखालचं रान गेलं म्हणजे घरातली ज्वारीच गेली. आबा, म्हणजे माझे वडील, ही गोष्ट सांगून झाली की शेवटी म्हणायचे, "रान नांगरानं कमावलं आन् अंगठ्यानं घालवलं."

ही काही आमच्या एकट्याच्या घरची कहाणी नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाचे कागद बाहेर काढून त्यांची होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे लोण गेलं. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता. बहुतेक ठिकाणी कागद हाती आला की जमाव शांत व्हायचा. पुढं सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टाला कर्जाचा मागचा सगळा हिशेब उकरून बघता येऊ लागला. कायदा आला, तरी कागदाची भीती काही गेली नाही. ती बापाकडून लेकाकडं येत राहिली आणि १९७२ साली आमच्या ओसरीवर येऊन बसली.

त्या वर्षी मी मॅट्रिक झालो. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. मार्क चांगले पडले होते. पण पाऊस पडला नव्हता. ज्वारी उगवून करपली, विहिरीचा तळ दिसू लागला आणि आबा-आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. कामावर सुकडी मिळायची. आई त्यातली पदरात बांधून घरी आणायची. आदल्या वर्षीच आक्काचं लग्न झालं होतं आणि त्याचं देणं अजून फिटायचं होतं. अशात पोरानं कॉलेजला जायचं म्हणजे आभाळाला शिडी लावायची.

फीचा प्रश्न निम्मा सुटलेला होता. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत सुरू झालेली ईबीसीची सवलत होती. उत्पन्न कमी असल्याचा दाखला आणला की फी माफ. तलाठ्यानं आमच्या घराकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता दाखला लिहून दिला. पण फी माफ झाली म्हणून पोट भरत नाही. साताऱ्यात राहायचं कुठं, खायचं काय, पुस्तकं कशी घ्यायची?

राहण्या-खाण्याचं उत्तर साताऱ्यात आमच्या आधी पन्नास वर्षं कुणीतरी शोधून ठेवलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथं येऊन गेले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीवहिनींनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आमच्या भागात आजही सांगतात. १९४७ मध्ये त्याच संस्थेनं साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि 'कमवा आणि शिका' ही योजना कॉलेजपर्यंत नेली. गरीब पोराला दान नको, काम द्या, असा अण्णांचा हिशेब. आमच्या गुरुजींनी मला तेच सांगितलं, "खुरपं धरता येतंय न्हवं? मग कॉलेज बी जमंल."

पण गुरुजींनी आणखी एक फॉर्म आणला आणि तिथून घरात भांडण लागलं. केंद्र सरकारची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती १९६३ पासून सुरू झाली होती. नाव शिष्यवृत्ती, पण होतं ते कर्ज. व्याज नाही, फेड शिक्षण संपून कमाई सुरू झाल्यावर. मला वर्षाला ७२० रुपये, म्हणजे महिन्याला ६० मिळणार होते. त्यासाठी करारनामा करायचा. त्यावर माझी सही, बापाची सही आणि एक जामीनदार. जामीनदाराकडं चार पैशांची ऐपत हवी.

आबांनी फॉर्म हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि खाली ठेवला. "ह्यो सावकार कोन?"

"सरकार."

"सरकार मोठं सावकार. त्येच्या हातात तर पोलिस बी हाय."

गुरुजींनी व्याज नाही, जमीन गहाण नाही, असं परत परत समजावलं. आबा ऐकत होते, पण अंगठ्याकडं बघत होते. शेवटी एवढंच बोलले, "मी अंगठा द्यीन. पर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ह्ये बांधनार न्हाय. जामीन कुणाला मागायचा न्हाय."

जामिनाशिवाय फॉर्म जाणार नव्हता. आठ दिवस तो कोनाड्यात पडून राहिला. आक्का तेव्हा माहेरी आली होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. चौथीनंतर तिला घरी ठेवली, कारण मी लहान होतो आणि आई रोजानं जायची, मला सांभाळायला कुणी नव्हतं. तिनं फॉर्म अक्षर लावून लावून वाचला. कुणाला काही बोलली नाही. सासरी जाताना पिशवीत घालून घेऊन गेली. आठवड्यानं दाजी स्वतः सायकलवरून आले. जामीनदाराच्या जागी त्यांची सही होती. त्यांच्या वाटणीला कृष्णाकाठचं चार एकर बागायत रान होतं. चहा पिऊन आबांना म्हणाले, "मामा, आता नगं म्हणू नगासा. सही झाली."

असा मी साताऱ्याला गेलो. सकाळी दोन तास काम, मग कॉलेज, संध्याकाळी परत काम. झाडांना पाणी घालायचं, तण काढायचं, जेवणाच्या पंगतीला वाढायचं. हाताला घट्टे गावातच पडले होते, त्यामुळं कामाचं काही वाटलं नाही. महिन्याचे साठ रुपये लांबले की मात्र जीव टांगणीला लागायचा. मनिऑर्डर करायला घरी कुणाकडं काही नव्हतं.

साताऱ्यातच कुणीतरी मला सांगितलं, की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लहानपण याच गावात गेलं आणि १९०० साली इंग्रजी शाळेत त्यांचं नाव इथंच घातलं गेलं. पुढं १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. पण तिथंही करार होता. परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानात नोकरी करायची. ते १९१७ मध्ये परतले आणि नोकरीसाठी बडोद्याला गेलेही. पण जातीमुळं त्यांना गावात राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना परत फिरावं लागलं. नंतर १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले, तेव्हा साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज अशी जुळवाजुळव करावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाच्या शिक्षणातही करार होता, कर्ज होतं आणि भरवसा ठेवणारा एक मित्र होता, हे वाचून मला धीर आला. त्यांना जे सोसावं लागलं त्याच्या पासंगालाही माझं दुःख पुरणार नाही, हेही तेव्हाच कळलं.

१९७६ ला बी. ए. झालो. चार वर्षांचं कर्ज झालं २,८८० रुपये. पुढं बी. एड. केलं आणि १९७७ च्या जूनमध्ये हायस्कूलला मास्तर म्हणून लागलो. निरोपसमारंभात लोक म्हणाले, सरांनी ध्येयापोटी शिक्षकी पेशा पत्करला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं कारण करारनाम्यात होतं. कर्ज घेतलेला विद्यार्थी शिक्षक झाला तर नोकरीच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा हिस्सा माफ, असं कलम होतं. माझ्या बरोबरचे दोघं बँकेत लागले, त्यांचा पगार जास्त होता. मीही बँकेचा अर्ज आणून ठेवला होता. पण वर्षाला २८८ रुपये न भरता फिटत होते आणि दाजींची सही त्या कागदातून मोकळी होणार होती. तेवढ्यासाठी मी खडू हातात घेतला. शिकवायची गोडी नंतर लागली.

सही मोकळी व्हायची घाई का, ते सांगतो. दाजींच्या घरात वाटणी निघाली तेव्हा त्यांच्या भावांनी तो जामीन काढला. जमीन कुठं गहाण नव्हती, पण गावात कायद्याचं कलम कोण बघतंय? 'बायकूच्या भावासाठी रान अडकवलं' एवढंच चार माणसांत बोललं गेलं. दाजींना वाटणीत लांबचा, पाण्यापासून दूरचा तुकडा आला. आक्कानं हे मला सांगितलं नाही. मला ते दहा वर्षांनी, १९८७ साली कळलं. कर्ज फिटल्याचा कागद घेऊन मी पेढ्यांसह तिच्या घरी गेलो होतो. दाजींनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बरं झालं." त्यांच्या धाकट्या भावाची बायको आतून बोलली, "आता रान परत येतंय काय?" तेव्हा सगळा उलगडा झाला. आक्का चुलीपुढून उठली नाही.

सरकारनं माझा दरवर्षी दहावा हिस्सा माफ केला. आक्काच्या देण्याला असलं काही कलम नव्हतं. मी सणाला लुगडं नेलं, तिच्या पोरांची पुस्तकं घेतली, विहिरीच्या मोटरीला पैसे दिले. तिनं घेतले, पण फिटलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी तिची नात इंजिनिअरिंगला लागली. आता काळ बदललाय. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी राज्य सरकारनं माफ केली आहे, पण ती ठरावीक प्रवर्गांना आणि ठरावीक प्रवेशांना. पोरीनं बाहेरच्या राज्यातलं कॉलेज धरलं होतं, तिथं ती सवलत लागू नव्हती. म्हणून बँकेचं शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं. ठरावीक रकमेपर्यंत तारण लागत नाही, पण आई-बापाची सही सहकर्जदार म्हणून लागते. रक्कम त्याच्या वर गेली की बँक आणखी माणूसही मागू शकते. माझी पेन्शन आहे. मी सही करायला गेलो. आक्का काठी टेकत बरोबर आली.

साहेबांनी समजावून सांगितलं, शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नाही, त्यानंतरही थोडी सवड मिळते. आक्कानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् सायब, नोकरी लागलीच न्हाय तर?"

साहेब जरा थांबले. म्हणाले, "आजी, हप्ता तरी द्यावाच लागतो."

"व्याजासकट?"

"व्याजासकट."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. १९७२ साली आबांनी फॉर्म खाली ठेवला होता, तेव्हा त्यांचं तोंड असंच झालं होतं. माझ्या वेळी निदान मास्तरकी तरी मिळत होती आणि दहावा हिस्सा माफ होत होता. या पोरीच्या कागदात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"कर सही," आक्का म्हणाली. "पर आदी वाच सगळं."

मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो.