बड्या ऑनलाइन बाजाराविरुद्ध छोटा विक्रेता तक्रार का करत नाही?

तालुक्याच्या गावात बसून गोधड्या, हळद पावडर, पापड ऑनलाइन विकणारे आता बरेच झालेत. कमिशन वाढलं, ग्राहकाने भलतीच वस्तू परत पाठवली किंवा पैसे अडकले, की आपसात चर्चा होते. लेखी तक्रार मात्र क्वचितच. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असा हिशेब त्यामागे असतो. त्याची कारणे अशी:

दुकान दुसऱ्याच्या हातात
रेटिंग, ग्राहकांचे अभिप्राय, यादीतलं स्थान हे सगळं त्या खात्याशी बांधलेलं असतं. खातं बंद झालं की काहीच सोबत नेता येत नाही. विक्रीची रक्कमही आधी कंपनीकडे जमा होते. कमिशन, वाहतूक खर्च आणि परतावे कापून उरलेली विक्रेत्याला मिळते. म्हणजे वाद झाला तर पैसा समोरच्याच्याच हातात.

करार एकतर्फी
नोंदणी करताना 'मान्य आहे' वर बोट दाबलं जातं. अटी बदलण्याचा हक्क बहुधा कंपनीकडे असतो, आणि वाद लवादाकडे किंवा दूरच्या महानगरातल्या कोर्टात न्यावा लागतो. दहा-बारा हजारांसाठी तिकडे कोण हेलपाटे घालणार?

ग्राहक मंचाची वाट अवघड
ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार व्यापारी हेतूने सेवा घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं बंधन आहे, पण ते ग्राहकाच्या तक्रारीसाठी. विक्रेता तिथे बाहेरच राहतो.

स्पर्धा आयोगाकडे वेळ लागतो
स्पर्धा कायदा २००२ खाली भारतीय स्पर्धा आयोगाकडे जाता येतं. पण वेळ किती लागतो ते पाहा. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारल्यावर चौकशीचा रस्ता मोकळा झाला. नुसती चौकशी सुरू व्हायलाच दीड वर्ष गेलं. शिवाय आयोगाचा दंड सरकारजमा होतो. भरपाईसाठी अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

युरोपीय संघात जुलै २०२० पासून वेगळा नियम लागू आहे. तिथे विक्रेत्याची सेवा कायमची बंद करायची तर साधारणपणे ३० दिवस आधी कारणासह कळवावं लागतं.

मग करायचं काय?
- एकट्याने न जाता संघटनेमार्फत जावं. वरच्या प्रकरणातही तक्रारदार संघटनाच होती.
- आयोगाला लेखी विनंती केल्यास माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं.
- २०२३ च्या दुरुस्तीनंतर आयोगाकडे ३ वर्षांच्या आत माहिती द्यावी लागते. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावं लागतं.
- हिशेबपत्रकं, ईमेल, अटी बदलल्याचे स्क्रीनशॉट आणि पॅकिंगचे व्हिडिओ जपून ठेवावेत. खातं बंद झाल्यावर आतलं काही उघडता येईलच असं नाही, म्हणून प्रत आपल्याकडे हवी.
- सगळा माल एकाच ठिकाणी टाकू नये. आठवडी बाजार, व्हॉट्सअॅपवरचं गिऱ्हाईक, सरकारच्या पाठबळाने उभं राहिलेलं ओएनडीसी जाळं असा दुसरा आधार असावा.

दुसरीकडून थोडीफार कमाई येत असली, की तक्रारीचा कागद लिहिताना हात कमी थरथरतो.