दामाजीपंतांची पावती

औराद तालुक्यातील चिंताकीच्या रहिवाशास बीदर हे कचेरीचे गाव. वारकऱ्यास मात्र ते दामाजीपंतांच्या पावतीचे गाव आहे.

बहमनी सुलतान अहमदशाह याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी कलबुर्गीहून बीदरास हलविली. परंपरा सांगते की, त्या राज्यात मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांस मोकळी केली. कोणी बीदरास कागाळी केली आणि पंतांस धरून आणण्याची आज्ञा सुटली. महिपतींनी १७६२ साली रचलेल्या ‘भक्तविजया’त पुढील प्रसंग आहे: पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात आला, त्याने धान्याचे मोल भरले आणि पावती मागून घेतली.

ह्या कथेतील चमत्काराइतकीच ती पावती आम्हांस मोलाची वाटते. आरोपात दोन गोष्टी होत्या. कोठार रिते झाले, ही खरी. धान्य लपवून नेले, ही खोटी. रिते कोठार पहिलीचा पुरावा होते, दुसरीचा नव्हे.

हाच भेद आधुनिक करविवादांतही कळीचा ठरला. कारखान्यातून शुल्क चुकवून चोरून माल बाहेर काढल्याचा आरोप अवध शुगर मिल्सवर आला, तेव्हा अधिकाऱ्यांनी सरासरी उत्पादनाच्या गणितावरून साखरेची तूट काढली होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निष्कर्ष ठोस पुराव्याविना केवळ अनुमानावर उभा असल्याचे म्हणून अमान्य केला. १९७४ साली मद्रासच्या एका सीमाशुल्क प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली: गुप्त व्यवहार गणिती काटेकोरपणे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर नाही, संभाव्यतेचे पारडे झुकले की पुरे, आणि जी गोष्ट केवळ आरोपीसच ठाऊक, तिचा खुलासा त्यानेच करावा.

१ जुलै २०१७ पासून बहुतेक मालावर उत्पादनशुल्काऐवजी वस्तू व सेवा कर आला, तरी वादाचे स्वरूप तेच राहिले. आरोप करणाऱ्याने माल वाहणारी गाडी, घेणारे गिऱ्हाईक व आलेला पैसा दाखवावा. व्यापाऱ्याने आपली वही व पावत्या जपाव्यात. देवळांच्या कोठ्या सांभाळणाऱ्या आमच्या विश्वस्तांसही हा धडा लागू आहे. अन्नदान कितीही पुण्याचे असो, बाहेर गेलेल्या धान्याची नोंद त्याच दिवशी वहीत झाली पाहिजे. प्रत्यक्ष पांडुरंगानेही पैसे भरल्यावर पावती घेतल्यावाचून दरबार सोडला नाही.